संसारातला पहिला स्टोव्ह

साल्हेरच्या गुहेत मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो गॅसचा छोटा डबा कानाशी धरून हलवत होता. नाशिकहून आमचा बराच मोठा गट ट्रेकला आला होता, गुहेत मुक्काम झाला होता आणि जानेवारीतली सकाळ होती. वारा थेट गुहेच्या तोंडातून आत शिरत होता. या गृहस्थानं हौसेनं सगळ्यांसाठी चहा टाकला होता. ज्योत आधी बारीक झाली, मग निळ्या टिकलीएवढी उरली आणि मग तीही गेली. पातेल्यात चहापत्ती तरंगत होती आणि पाणी जेमतेम कोमट.

"संपला का?" मी विचारलं.

"तेच कळत नाहीये," तो म्हणाला. "हलवलं की आत काहीतरी आहे असं वाटतं."

"आहेच. पण थंडीत ते बाहेर यायला तयार नाही. डबा काखेत धरून बसा थोडा वेळ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करत नाही याची खात्री करून घेतली, आणि स्वेटरच्या आत डबा घालून मुकाट्यानं बसून राहिला. लोक हसत होते. थोड्या वेळानं बर्नर परत पेटला आणि चहा पिण्याइतका गरम झाला. उकळला असं मात्र म्हणता येणार नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. कुणी विचारलं नाही तरी समजावून सांगायची खोड आहे. गड उतरताना मी त्याला सगळं सांगितलं. डब्यात दाबाखाली द्रव असतो, त्याचा वायू व्हायला ऊब लागते, डबा अर्धा रिकामा झाला आणि हवा गार असली की जोर उरत नाही. मग ओघात पेट्रोलच्या स्टोव्हबद्दल बोलले. छोटा, घडीचा, ॲल्युमिनियमच्या बाटलीला पंप असलेला. हवा आपण भरायची, त्यामुळे थंडीशी त्याला फारसं देणंघेणं नाही. आणि बाटलीत किती उरलंय ते झाकण उघडून दिसतं.

"तुमच्याकडे आहे असा?" त्यानं विचारलं.

"नाही. मी फक्त वाचलंय. बरीच वर्षं वाचतेय."

तो हसला, पण त्या हसण्यात खवचटपणा नव्हता. त्यानंतर आम्ही बोलतच राहिलो. तो मूळचा सटाण्याचा, नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करणारा. आमची दोघांचीही पहिली लग्नं मोडून खूप काळ लोटला होता. मुलंबाळं नव्हती. उन्हाळ्यात कधीतरी मिसळ खाताना त्यानं पावाचा तुकडा हातात तसाच धरून विचारलं, "आपण लग्न करायचं का?" आणि मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की त्याच्या हातातला तुकडा रश्श्यात पडला. मग त्यानं आणखी एक पाव मागवला.

रजिस्टर लग्नाची नोटीस दिली, की महिनाभर थांबावं लागतं. त्या महिन्यात आमच्याकडे दुसरं काही काम नव्हतं. ना हॉल ठरवायचा होता, ना पत्रिका छापायच्या होत्या. म्हणून आम्ही लग्नानंतरच्या प्रवासाची तयारी करायला घेतली. पाऊस ओसरला की स्पितीला जायचं. दिल्लीपर्यंत रेल्वेनं, त्याची जुनी मोटरसायकलही त्याच गाडीनं पार्सल, आणि पुढे डोंगरात दोघं मोटरसायकलवर. तंबू आपला, स्वयंपाक आपला. मी आयुष्यात कधी इतकी खूश नव्हते. वर्गात मुलींना समीकरणं लिहून देताना मध्येच मला बर्फाचे डोंगर दिसायचे आणि मी खडू धरून उभी राहायचे.

स्टोव्हवरून मात्र आमचं जमेना.

"गॅसच बरा," तो म्हणायचा. "हलका आहे. आवाज नाही, काजळी नाही. चावी फिरवली की पेटला."

"रेल्वेत डबे नेता येत नाहीत."

"मनालीत मिळतात."

"मनालीच्या पुढे? स्पितीतल्या काझ्यात नाही मिळाला तर? आणि रिकामे डबे कुठे टाकणार आपण, त्या नदीत?"

"पेट्रोल भडकतं," तो म्हणायचा, आणि इथे येऊन वाद अडायचा. तपासणी खात्यात आयुष्य गेलेला माणूस. काय काय बिघडू शकतं याचाच विचार करणं त्याच्या हाडीमाशी भिनलं होतं.

शेवटी आम्ही कॉलेज रोडवरच्या एका ट्रेकिंगच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी गॅसचे बर्नर काढले. तळहाताएवढे, नाजूक, कंपासपेटीत मावतील असे. खरंच सुंदर होते. माझाही हात जरा त्यांच्यावर रेंगाळला. मग मी पेट्रोलच्या स्टोव्हबद्दल विचारलं. तो शिडी लावून वर चढला आणि धूळ बसलेलं एक खोकं खाली घेऊन आला.

"मॅडम, हा कोणी नेत नाही," तो म्हणाला. "फार आवाज करतो. लोकांना डोंगरात शांतता पाहिजे असते."

मी खोकं उघडलं. लाल बाटली, काळा पंप, विणलेल्या तारेच्या आवरणातली नळी, तीन पायांचा बर्नर आणि एका छोट्या पिशवीत बारीक पिन. पिन पाहून मला हसू आलं. लहानपणी किराणा दुकानात स्टोव्हच्या पिना पुडीत मिळायच्या, ती पुडी आठवली.

"अहो, हे बघा," मी म्हटलं, "हा सगळा खोलता येतो. प्रत्येक तुकडा सुटा होतो. काही अडकलं तर आपण आपल्या हातानं साफ करू शकतो. गॅसचा बर्नर बिघडला तर काय करणार? आणि पेट्रोल तर तुमच्या गाडीतच आहे. आपण ज्याच्यावर बसून जाणार, त्याच टाकीतून काढायचं. जिथे गाडी पोचेल तिथे चूल पेटेल. ऐक ना माझं."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि आम्ही दोघंही थांबलो. तोवर आम्ही एकमेकांना तुम्हीच म्हणत होतो. दुकानदार खोक्याचं झाकण लावायचं की नाही या विचारात उभा होता.

"ऐकतो," तो म्हणाला. "तू पेटवून दाखव, मग ऐकतो." आणि दुकानदाराला म्हणाला, "हा बांधा."

दुकानातून बाहेर पडल्यावर मला इतका आनंद झाला होता, की स्कूटरची किल्ली हातात असून मी ती पर्समध्ये शोधत होते.

गडबड झाली ती फोटोमुळे. त्यानं उत्साहाच्या भरात स्टोव्हचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सटाण्याला त्याची आई मोठ्या मुलाकडे राहते. त्याचा हा भाऊ कांद्याचा व्यापार करतो. संध्याकाळी मला आईंचा फोन आला. माझ्याशी त्या जमेल तितकं शहरी बोलायच्या, पण घाबरल्या की अहिराणीवर यायच्या. त्या दिवशी पहिलं वाक्यच अहिराणीत आलं.

"हाई काय शे?"

"स्टोव्ह आहे, आई. प्रवासाला."

"नवी सून येणार घरात आणि घरात पहिली वस्तू स्टोव्ह? लोके काय म्हनतीन?"

मला आधी कळेना. मग कळलं. स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली, ही बातमी वाचत माझीही पिढी मोठी झाली होती. त्या बातमीत काय दडलेलं असायचं हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. एवढे दिवस मी या स्टोव्हची माहिती वाचत होते, पण हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

दोन दिवसांनी आई एसटीनं नाशिकला माझ्या घरी आल्या. लग्नाच्या साड्या घ्यायला आले, असं म्हणाल्या. साड्यांचं त्यांनी नाव काढलं नाही. चहा झाल्यावर म्हणाल्या, "आण तो."

मी खोकं आणलं. सगळे भाग चटईवर मांडले. त्यांनी पदर खोचला, चष्मा लावला आणि एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला. तो शेजारी बसला होता. मला वाटलं, आता त्या परत करायला सांगतील. मी मनात वादाची तयारीही केली होती.

आई बर्नर हातात धरून बोलल्या. "आमच्या गल्लीत एक सून होती. तुझ्याहून लहान. गेली. पेपरात आलं, स्टोव्हचा भडका. पण त्यांचा स्टोव्ह त्या दिवशी आमच्या घरात होता. कुरडया तळायला मागून आणला होता मी. माझ्या चुलीशेजारी होता तो."

मुलाला हे माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"तुम्ही सांगितलंत कोणाला?" मी विचारलं.

"सांगितलं ना. पोलिसातला जमादार आला त्याला सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यानं लिहून नाही घेतलं." त्यांनी बर्नर खाली ठेवला. "म्हणून स्टोव्ह नको असं नाही माझं. तुम्ही लांब जाणार. मला आधी बघायचंय, हा कसा पेटतो, कसा भडकतो, कसा विझतो. उद्या कोणी मला काही सांगायला आलं, तर मला माहीत पाहिजे."

"आई, पण कोण येणार सांगायला?" तो म्हणाला. "मी आहे ना."

"तुझ्यावर भरोसा आहे. तरी मला बघायचंय."

आम्ही तिघं गच्चीवर गेलो. त्यानं खालून मोटरसायकलच्या टाकीची नळी सोडून बाटली भरून आणली होती, वरपर्यंत नाही, थोडी मोकळी जागा ठेवून. मी केस घट्ट बांधले, ओढणी काढून ठेवली, वाऱ्याकडे पाठ केली. वाळूची बादली आणि ओलं फडकं शेजारी ठेवलं. खरं सांगायचं तर मीही हा स्टोव्ह पहिल्यांदाच पेटवत होते. एवढं वाचलं होतं, तरी एकेक पायरी पुटपुटत मनाशी परत म्हणून घेतली.

पंप मारला. चावी किंचित उघडून बर्नरच्या वाटीत थोडं पेट्रोल येऊ दिलं आणि लगेच बंद केली. काडी लावली.

पिवळा जाळ भस्सकन वर आला. माझ्या बोटांपासून कोपरापर्यंत भरेल एवढा. माझा होणारा नवरा दोन पावलं मागे सरकला. आई होत्या तिथेच उकिडव्या बसून होत्या.

"हा भडका?" त्यांनी विचारलं.

"हाच. एवढाच होतो. जुन्या स्टोव्हला रॉकेलात भिजवलेला काकडा लावायचात ना, तसं आहे. नळी तापायला हवी, म्हणजे आतून पेट्रोल वाफ होऊन येतं."

जाळ खाली बसत गेला. अगदी विझायच्या बेताला आला तेव्हा मी चावी हळूच उघडली. एक दोनदा फुसफुसला, आणि मग एकदम घुंऽऽ करून निळी, घट्ट, गोल ज्योत लागली. आवाज इतका मोठा की शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाई कठड्याशी आल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. मी फक्त त्याच्याकडे पाहिलं. तो ज्योतीकडे बघत होता, कारखान्यात एखादा नग पास करताना बघत असेल तसा.

"विझव," आई म्हणाल्या.

मी विझवला.

"आते माले दे."

आईंनी स्वतः पंप मारला. चावी उघडताना त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. काडी लावली, जाळ बसायची वाट पाहिली, ज्योत धरली. मग मुलाला बसवून त्याच्याकडून तेच करून घेतलं. त्यानं घाईनं चावी उघडली, परत पिवळा जाळ उठला, तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. शेवटी त्यावरच चहा झाला. आई कप हातात घेऊन कठड्याशी उभ्या राहिल्या आणि पांडवलेण्याच्या डोंगराकडे बघत सावकाश चहा प्यायल्या. मग म्हणाल्या, "चला, साड्या बघून येऊ." त्या दिवशी त्यांनी मला जी साडी घेऊन दिली, तीच नेसून मी रजिस्ट्रारच्या कार्यालयात सही केली.

सप्टेंबरमध्ये आम्ही निघालो. पार्सलला द्यायची म्हणून गाडीची टाकी रिकामी करावी लागली, तशीच स्टोव्हची बाटलीही धुऊन, वाळवून कोरडी केली. दिल्लीला गाडी उतरवून पहिलं पेट्रोल भरलं तेव्हापासून आमचा स्वयंपाक सुरू झाला. रस्त्याकडेला, सफरचंदाच्या बागेबाहेर, नदीकाठच्या वाळूत. मला मोटरसायकलवर मागे बसून गाणी म्हणायची इतकी सवय लागली, की हेल्मेटमध्ये माझाच आवाज घुमून कान दुखायचे. मनालीत तो एका दुकानात शिरला आणि खिशात काहीतरी घालून बाहेर आला. मी काही विचारलं नाही. रात्रीच्या भाताला त्यानं हळूच गॅसचा एक छोटा डबा आणि बर्नर काढला.

"मंद आचेवर भात बरा होतो," तो म्हणाला. "तुझा स्टोव्ह नुसता गर्जतो. त्याला हळू बोलता येत नाही."

ते खरंच होतं. पेट्रोलच्या स्टोव्हवर माझा भात आदल्याच दिवशी खाली करपला होता. त्या रात्री भात मऊ, मोकळा झाला, आणि मी ते मान्य करून तो दोनदा वाढून घेतला.

खिंड ओलांडून स्पितीत उतरलो त्यानंतरची तिसरी की चौथी सकाळ असेल. एका गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर तंबू ठोकला होता. आसपास आणखी चारपाच तंबू होते. जाग आली तेव्हा तंबूच्या आतल्या बाजूला आमच्याच श्वासाचं बर्फ जमलं होतं. बाटलीतलं पाणी घट्ट झालं होतं. तो आधी उठला आणि हौसेनं गॅस लावायला गेला. डब्यातून इतकी मिणमिणती ज्योत आली, की तिच्यावर ओंजळ धरली तरी बोटांना समजत नव्हतं.

"काखेत धरू का?" त्यानं विचारलं.

"थांब, माझा काढते."

मी बाटलीत पंप मारला, वाटी पेटवली, जाळ बसला, चावी उघडली आणि काहीच झालं नाही. नुसता फुस् आवाज. परत केलं. परत तेच. एवढ्या वेळात हात बधिर झाले होते. मला रडू येईल असं वाटलं. हा स्टोव्ह मी हट्टानं आणला होता, आणि ऐन गरजेला तो रुसून बसला होता.

"खोल," तो म्हणाला. "सगळा सुटा होतो म्हणाली होतीस ना?"

आम्ही तंबूच्या दारात टॉवेल पसरला. बर्नर गार होऊ दिला. मी तुकडे काढत गेले आणि तो ते काढले त्याच क्रमानं ओळीत ठेवत गेला, एकही इकडचा तिकडे न होऊ देता. बारीक भोकाचा तो पितळी तुकडा उजेडाकडे धरला तर पलीकडचं आभाळ दिसत नव्हतं. काळी कीट अडकली होती. बोटं वळत नव्हती म्हणून पिन त्यानं धरली आणि भोक मी तिच्यावर आणलं. एकदा, दोनदा. मग पुन्हा उजेडाकडे धरलं, आणि त्यातून सुईच्या टोकाएवढं निळं आभाळ दिसलं.

"दिसलं," मी म्हटलं.

"बघू." त्यानं स्वतः पाहिल्याशिवाय मान हलवली नाही.

जोडला, पंप मारला, पेटवला. त्या शांत माळावर स्टोव्ह असा काही गर्जला, की पलीकडच्या तंबूची चेन खर्रकन उघडली आणि अंगाभोवती रजई गुंडाळलेला एक माणूस बाहेर आला. तो चांगलाच चिडला होता.

"भाईसाब, ये क्या हेलिकॉप्टर चला रखा है सुबह सुबह?"

"चाय," माझा नवरा म्हणाला. "पिओगे?"

त्या माणसानं स्टोव्हकडे पाहिलं, पातेल्यातून निघणाऱ्या वाफेकडे पाहिलं, आणि आत जाऊन स्वतःचा चहाचा मग घेऊन आला. त्याच्या मागून त्याची बायको आली. मग आणखी दोन तंबूंमधले लोक हातात भांडी घेऊन आले. त्यांचेही गॅस रात्रीपासून धरत नव्हते. दूध नव्हतं, आमच्याकडची पावडर होती. आलं मात्र होतं, मी नाशिकहून आणलेलं, कागदात गुंडाळून जपून ठेवलेलं. ते ठेचायला दगड कोणीतरी उचलून दिला. एका पातेल्यात सगळ्यांचं भागेना म्हणून पुन्हा पुन्हा पाणी ठेवत राहिलो. रजईवाला आता स्टोव्हशेजारी उकिडवा बसून हात शेकत होता आणि हा कुठे मिळतो, किती टाकावं लागतं, असं सगळं विचारत होता. मी समजावून सांगायला लागले. द्रव म्हणजे काय, दाब म्हणजे काय, थंडीत गॅस का दगा देतो. माझा नवरा मधूनच त्यात भर घालत होता. "भडक्याला घाबरायचं नाही," तो हिंदीत सांगत होता, "पण बघत राहायचं. चावी घाईनं नाही उघडायची. मी एकदा उघडली होती."

ऊन समोरच्या डोंगरावरून खाली उतरत आमच्या पायांपर्यंत आलं. तंबूवरचं बर्फ ठिबकायला लागलं. लोक एकेक करून आपापलं सामान आवरायला गेले. त्यानं बाटली हलवून पाहिली, झाकण उघडून आत डोकावला आणि म्हणाला, "संपत आलंय. गाडीतून काढतो."

तो टाकीखाली वाकून नळी सोडत होता, आणि मी उरलेल्या गरम पाण्यानं पातेलं घासत होते. पुढे काझ्यापर्यंतचा रस्ता होता, आणि त्याच्याही पुढे आम्ही अजून न पाहिलेली खोरी. मला कधी एकदा निघतो असं झालं होतं.